मदत हवी आहे: श्रूजबरीतल्या जुन्या दुकानाचा पुढे आलेला मजला

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावाला जाऊन आले. तिथे बुचर रो नावाच्या अरुंद गल्लीत ‘ॲबट्स हाऊस’ ही 15व्या शतकातली लाकडी इमारत आहे. तळमजल्यावर दुकानांच्या मूळ खिडक्या अजून शाबूत आहेत. खिडकीखाली रुंद फळी, तिच्यावर माल मांडायचा. गल्लीच खाटकांची, त्यामुळे माल काय असणार ते ओळखा! मी त्या फळीवर हात ठेवून पाच मिनिटं उभी होते, नवरा पार कंटाळला.

आता प्रश्न. वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा रस्त्याकडे पुढे आलेला आहे. खालच्या कड्या (मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळया) भिंतीबाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी केली आहे, हे दिसतं. पण हे का करत? काही म्हणतात, वर जास्त जागा मिळावी म्हणून. काही म्हणतात, टोकावर भिंतीचं वजन आलं की कडी मधे लवत नाही. दुसरं मला जास्त पटतं, पण मी इंजिनियर नाही. कोणी स्ट्रक्चरलवालं आहे का इथे?

आणि एक. मराठीत या रचनेला काय म्हणावं? ‘सज्जा’ म्हटलं तर बाल्कनी वाटते, इथे तर अख्खी खोलीच पुढे आहे. वाड्यांच्या दुरुस्तीत काम केलेल्यांनी, विशेषतः कडीपाट (कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत) जाणणाऱ्या सुतारमंडळींनी, वापरातला शब्द सांगा ना. यावरचा माझा लेख त्या शब्दावाचून अडलाय.