मदत हवी आहे: आल्डरच्या मुळांवर गाठी आल्यात, झाड काढून टाकू का?

बागेच्या मागच्या कोपऱ्यात पाणी साचतं, तिथे काही टिकत नाही म्हणून काळा आल्डर लावला (लेबलवर आल्नस ग्लुटिनोसा लिहिलंय). छान वाढत होता पण आता पानं जरा मलूल वाटतायत आणि काही पानांची तर नुसती जाळी उरलीये. काल तण उपटताना वरची मुळं उघडी पडली आणि बघतो तर नारिंगी-तपकिरी गाठी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या घोसाने लागलेल्या! सूत्रकृमीमुळे (मातीतल्या सूक्ष्म किड्यांमुळे) मुळांना गाठी येतात असं वाचलं आणि टेन्शनच आलं. औषध टाकू की सरळ उपटून टाकू? युरिया दिला तर पानं सुधारतील का?

प्रतिसाद १
अहो थांबा, उपटू नका!! त्या गाठी म्हणजे रोग नाही. त्यात फ्रँकिया नावाचे जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, हरभरा-तुरीच्या मुळांवर रायझोबियम जिवाणू करतात तेच काम. सूत्रकृमी असेल तर मूळच जागोजागी फुगतं, असे बाजूला घोस लागत नाहीत. मुळं मातीने झाकून टाका. आणि युरिया तर अजिबात नको, जमिनीत नायट्रोजन भरपूर झाला की झाड नवीन गाठी करायचं कमी करतं, म्हणजे फुकट मिळणारं खत आपणच बंद करायचं. जाळी झालेल्या पानांवर चमकदार निळे भुंगेरे किंवा काळ्या अळ्या दिसतात का बघा, आल्डरवर येणारी कीड आहे ती. लहान झाड असेल तर हाताने वेचा, पानं परत फुटतात.

प्रतिसाद २
गाठींचं वर बरोबर सांगितलंय, पण मलूल पानं म्हणालात म्हणून एकदा बुंधा नीट बघून घ्या. सालीवर काळपट डाग, त्यातून तांबूस-काळा द्रव झिरपतोय, वरची पानं बारीक आणि विरळ, असं असेल तर तो फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं-बुंधा कुजवणारा बुरशीसारखा रोग. ब्रिटनमध्ये १९९३ साली आल्डरवर हा पहिल्यांदा सापडला, पाण्यातून पसरतो आणि झाड बरं करेल असं औषध नाही. खतांपेक्षा हे तपासणं महत्त्वाचं.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! बुंधा स्वच्छ आहे, डाग नाही की काही नाही, निळे भुंगेरे मात्र ढिगाने सापडले, वेचतोय. आता अजून एक, जवळूनच सांडपाण्याचा पाइप जातो, त्याचं काय?

प्रतिसाद १
मग हलवाच. काळा आल्डर २० मीटरच्या वर जाऊ शकतो आणि मुळं पाण्याच्या मागे जातात, पाइपचा सांधा गळका असेल तर आत शिरणारच. आत्ता नको, हिवाळ्यात पानं गळली की चांगला मोठा मातीचा गोळा ठेवून काढा, गाठी त्या मातीतच राहू द्या, आणि नवीन जागी पहिला उन्हाळा पाणी कमी पडू देऊ नका. हो, याची पानं पिवळी न होता हिरवीच गळतात, तेव्हा परत घाबरून धागा काढू नका 😄