हायस्कूलवाल्या घरांसाठी: शाळेचं पॅकेट आणि डिसेंबरची तिकिटं

प्रेषक: अकरावीतल्या मुलीची आई, ईस्ट बे
रविवार, ९ ऑगस्ट २०२६

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळाच्या मेलिंग लिस्टवर लिहितेय. शाळा सुरू होतायत, पेरेंट पोर्टलवर नवीन वर्षाचं नियमांचं आणि फॉर्मांचं पॅकेट येऊन पडलंय, आणि मागच्या वर्षी आमच्याकडे जे झालं ते अजून कुणाच्या घरी होऊ नये असं फार वाटतं म्हणून सगळं सांगते. मेल लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या डिसेंबरात धाकट्या दिरांचं लग्न होतं, साताऱ्याला. ख्रिसमसच्या आठवड्यातली चार तिकिटं आम्हाला झेपण्यासारखी नव्हती म्हणून ११ तारखेची काढली. लेकीने तिच्या टीचर्सना सांगितलं, दोघांनी एंजॉय म्हटलं, एकीने वर्कशीट्स दिली, मी फ्रंट ऑफिसला दोन ओळींची ईमेल टाकली की घरचं लग्न आहे, इंडियाला चाललोय. आपल्याकडे कसं, कळवलं की झालं. मला वाटलं झालं.

जानेवारीत परत आलो तर पत्र. सात दिवस अनएक्स्क्यूज्ड, म्हणजे मान्य कारणाशिवाय गैरहजर, आणि त्यात ट्रुअंट हा शब्द. मी तो शब्द आधी कधी वाचलाही नव्हता, वाटलं आता पोलीस वगैरे येतात की काय, रात्रभर झोप नाही. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या फायनल्स त्याच आठवड्यात होत्या, सुट्टीच्या आधी. बाकीच्या टीचर्सनी सांभाळून घेतलं पण केमिस्ट्रीची परीक्षा परत देता आली नाही कारण गैरहजेरी अनएक्स्क्यूज्ड होती, आणि ए ग्रेडचा सी झाला. दहावीचे ग्रेड यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) जीपीएमधे, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरतात हे तुम्हाला माहीत आहेच. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही, आणि लग्नाला गेल्याचं तिला वाईट वाटायला लागलं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. काकाच्या लग्नाला गेल्याचं वाईट वाटावं?

नंतर काउन्सेलरने मला पॅकेटमधलंच पान दाखवलं. इंडिपेंडंट स्टडी. निघायच्या आधी फॉर्म भरला असता, मुलीने, आम्ही आणि शाळेने सह्या केल्या असत्या, तिने कामं पूर्ण करून दिली असती तर ते दिवस गैरहजेरीत धरलेच नसते. त्या पानावर मी ऑगस्टमधे "वाचलं" म्हणून टिक केलेलं होतं, रात्री साडेअकराला, पन्नाससाठ पानांना मिळून एकच चौकोन.

शाळेने लपवलं असं मी म्हणत नाही. पण कळवणं आणि पोचणं यात फरक आहे. ज्यांची मुलं हायस्कूलमधून पार पडलीयेत त्यांनी कृपया लिहा, काय काय आधी कळायला हवं होतं?

---

प्रेषक: दोन मुलं कॉलेजात गेलेला बाबा, साउथ बे
रविवार, ९ ऑगस्ट २०२६

ताई, मेल वाचून वाईट वाटलं. मी चार वर्षं आमच्या हायस्कूलच्या स्कूल साइट कौन्सिलवर, म्हणजे पालक-शिक्षकांच्या समितीवर होतो, तेव्हा हा विषय दर जानेवारीत यायचा आणि त्यात आपली देसी घरं बरीच असायची.

पॅकेट म्हणजे शाळेची मर्जी नाही, कॅलिफोर्नियाच्या कायद्याने प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) वर्षाच्या सुरुवातीला पालकांना त्यांचे हक्क कळवावे लागतात आणि मिळाल्याची सही घ्यावी लागते. ती सही मिळालं याची असते, पटलं याची नाही, पण नंतर आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा राहत नाही.

ट्रुअंट शब्दाला घाबरू नका. वर्षात तीन पूर्ण दिवस कारणाशिवाय गैरहजर, किंवा तीनदा अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर, एवढं झालं की कायद्याच्या व्याख्येत बसतं आणि पत्र येतंच, बऱ्याच ठिकाणी ते सिस्टिम आपोआप पाठवते. पत्राकडे दुर्लक्ष मात्र करू नका, फोन करून बोलून घ्या. दुसरी रेघ १० टक्क्यांची. शाळेचे १८० दिवस धरले तर १८ गेले की क्रॉनिक अ‍ॅब्सेंट, आणि त्यात एक्स्क्यूज्डसुद्धा मोजतात. ताप, सर्दी, डेंटिस्ट सगळं धरून. शिवाय राज्याकडून येणारा पैसा रोजच्या सरासरी हजेरीवर ठरतो, मूल खुर्चीत नसेल तर कारण कितीही चांगलं असो शाळेचं नुकसान होतं, इंडिपेंडंट स्टडी नीट पूर्ण झाला तर ते होत नाही. म्हणजे फॉर्म मागताना आपण काही उपकार मागत नाही, त्यात दोघांचंही भलं आहे. फक्त आधी मागायचा. आमच्याकडे दोन आठवडे आधी लागायचा, तुमच्याकडे किती ते अटेंडन्स ऑफिसला विचारा, आणि किती दिवसांपर्यंत देतात तेही. काही ठिकाणी सलग बरेच दिवस न कळवता गेलात तर नावच पटावरून काढतात, त्यामुळे महिनाभर जाणाऱ्यांनी जास्त काळजी घ्या.

आता एक्स्क्यूज्ड कशाला म्हणतात. आजारपण, डॉक्टर हे सगळ्यांना माहितीये. धार्मिक सण किंवा विधी चालतो, आधी लेखी मागायचं. २०२२ पासून सांस्कृतिक समारंभही यादीत आलाय. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी आहे, १४ सप्टेंबर, मुलांना घरी ठेवणार असाल तर "नॉट फीलिंग वेल" असं खोटं लिहू नका, सरळ सणाचं नाव लिहा, तो तुमचा हक्क आहे. मुलांसमोर खोटं लिहायची गरज नसताना कशाला लिहायचं. लक्ष्मीपूजन यंदा रविवारीच आहे, ८ नोव्हेंबरला. दिवाळी आता राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत आलीये, आमदार अ‍ॅश कालरांचं बिल गेल्या ऑक्टोबरात सही होऊन १ जानेवारीपासून लागू झालं, पण त्याने शाळेला बंद ठेवायची मुभा मिळते, प्रत्येक शाळा बंद असेलच असं नाही. डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर बघा.

आणि एक जड गोष्ट. आजीआजोबा गेले आणि तातडीने निघावं लागलं तर जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी पाच दिवसांपर्यंत एक्स्क्यूज्ड धरतात, आजीआजोबा त्यात येतात. माझे वडील गेले तेव्हा मुलाची एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षांची तयारी चालू होती, मी त्याला इथेच ठेवून एकटा गेलो कारण हा नियमच मला माहीत नव्हता. त्याला आजोबांचं शेवटचं दर्शन झालं नाही. बाकी सगळं विसरलात तरी हे एवढं लक्षात ठेवा म्हणून लिहितोय.

गैरहजेरी एक्स्क्यूज्ड असेल तर बुडलेलं काम आणि परीक्षा, जे देणं शक्य आहे ते, वाजवी मुदतीत पूर्ण करून पूर्ण मार्क मिळवायचा हक्क आहे. ताई, तुमच्या लग्नातला विधीचा एखादा दिवस कदाचित यात बसला असता, सातही दिवस नाही. त्याला इंडिपेंडंट स्टडीच.

---

प्रेषक: नववीतल्या मुलाची आई, ट्राय-व्हॅली
सोमवार, १० ऑगस्ट २०२६

नमस्कार, मी लिस्टवर नवीन आहे. मार्चमधे नाशिकहून आलो, मिस्टरांची बदली झाली. लिहावं की नाही असं दोन दिवस चाललं होतं.

माझं इंग्लिश वाचण्यापुरतं ठीक आहे पण फोनवर समोरचा भरभर बोलला की काही कळत नाही. एप्रिलमधे मुलाच्या शाळेतून बोलावणं आलं, मार्क कमी होते, मिस्टर टूरवर. मी गेले. मॅडम इंग्लिशमधे बोलत होत्या आणि माझा तेरा वर्षांचा मुलगा मला मराठीत सांगत होता की मॅडम म्हणतायत मी होमवर्क देत नाही. त्याची मान खाली. अर्धं त्याने सांगितलं नसणार हे मला कळत होतं, आणि त्याच्यावर रागावता पण येत नव्हतं, त्याच्या तोंडूनच त्याची तक्रार मी ऐकत होते. घरी येऊन आम्ही दोघं रडलो.

आता हायस्कूल सुरू होतंय. कोर्सेस, ए-जी (यूसीच्या प्रवेशासाठी लागणारे विषय), काउन्सेलर हे सगळं मला समजून घ्यायचंय पण त्याच्या तोंडून नाही. यासाठी काही सोय असते का?

---

प्रेषक: डिस्ट्रिक्टमधे एनरोलमेंटचं काम करणारी मावशी
सोमवार, १० ऑगस्ट २०२६

अगं लिहिलंस ते फार बरं केलंस. सोय असते. मागावी लागते, पण असते.

१९६४ च्या सिव्हिल राइट्स कायद्यातल्या टायटल सिक्सखाली, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्याच चिनी मुलांच्या केसमधे १९७४ साली सुप्रीम कोर्टाने जे सांगितलं त्यातून, भाषा येत नाही म्हणून कुणाला शाळेच्या दाराबाहेर ठेवता येत नाही, त्यात पालकांना महत्त्वाची माहिती समजेल अशा भाषेत मिळणंही आलं. स्पेशल एज्युकेशनच्या आयईपी (मुलाच्या खास शिक्षणाचा आराखडा) मीटिंगला तर दुभाष्या द्यावाच लागतो. तू अटेंडन्स ऑफिसला आणि काउन्सेलरला आठवडाभर आधी ईमेल कर, की मला मराठी इंटरप्रिटर हवाय, मुलगा भाषांतर करणार नाही. मराठी माणूस समोर नसेल तर फोनवरचा इंटरप्रिटर लावतात. पैसे आपण द्यायचे नसतात. आणि हिंदी चालेल का विचारलं तर संकोचाने हो म्हणू नकोस, तुला मराठीच जास्त कळतं तर मराठी म्हण.

आता सगळ्यांसाठी सांगते, कारण मी रोज टेबलाच्या त्या बाजूला बसते. कॅलिफोर्नियात नियम असा आहे की शाळेतल्या १५ टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा एक असेल तर घरी जाणाऱ्या नोटिसा त्या भाषेतही पाठवायच्या. म्हणून स्पॅनिश येतं, काही ठिकाणी चिनी येतं. मराठीचे १५ टक्के मी कुठल्या शाळेत पाहिले नाहीत. आणि हा आकडा कशावरून निघतो? अ‍ॅडमिशनच्या वेळच्या होम लँग्वेज सर्व्हेवरून. त्यात आपली कितीतरी माणसं घरात रोज मराठी बोलत असताना इंग्लिश लिहितात, कारण भीती असते की मराठी लिहिलं तर मुलाला ईएलपॅक ही इंग्लिशची परीक्षा द्यायला लावतील. लावतात, पहिल्या ३० दिवसांत, आणि ज्या मुलाला इंग्लिश चांगलं येतं तो ती पास होऊन मोकळा होतो. कुणी त्याला मागे बसवत नाही. पण इंग्लिश लिहिलंत की कागदावर मराठी घर एक कमी झालं. मी स्वतः माझ्या मुलीच्या वेळी इंग्लिश लिहिलं होतं, आता वाईट वाटतं.

घरात मराठी टिकवल्याचा फायदाही आहे. बारावीत इंग्लिश आणि अजून एका भाषेत प्रावीण्य दाखवलं की डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसी मिळतं, हे सुरू करणारं पहिलं राज्य आपलंच, २०११ चा कायदा. काउन्सेलरला नववीतच विचारून ठेवा मराठीसाठी कुठली चाचणी धरतात, बारावीच्या एप्रिलमधे विचारून उपयोग नाही.

---

प्रेषक: बारावीतल्या मुलाचा बाबा, साउथ बे
मंगळवार, ११ ऑगस्ट २०२६

थोडं वेगळं मत. सगळ्यांचं पटतं, पण हायस्कूलमधल्या मुलाने स्वतःचे फॉर्म स्वतः बघायला नकोत का? अजून दोन वर्षांनी डॉर्ममधे असणार. आम्ही आमच्या मुलाला ईमेल त्यानेच लिहायला लावतो, काउन्सेलरची अपॉइंटमेंट त्यानेच घ्यायची, आणि त्याने तो बराच सुधारलाय. शिवाय १८ पूर्ण झाले की शाळेच्या रेकॉर्डवरचे हक्क कायद्याने त्याच्याकडे जातात, आमच्याकडे ते येत्या जानेवारीतच होणारे.

---

प्रेषक: अकरावीतल्या मुलीची आई, ईस्ट बे
मंगळवार, ११ ऑगस्ट २०२६

दादा, काउन्सेलरशी तिने बोलावं हे अगदी बरोबर, आम्हीही आता तसंच करतो. पण तिकिटं आपण काढतो ना, ती नाही. केमिस्ट्री बुडाली ती तिच्या निष्काळजीपणाने नाही, आमच्या न वाचण्याने. आणि काही कागदांवर सही आपलीच लागते.

काल रात्री मी आणि मिस्टरांनी मिळून पूर्ण पॅकेट वाचलं, पावणेदोन तास लागले. औषधाचं पान मला धक्का देऊन गेलं. आपण दप्तरात क्रोसिनची पट्टी ठेवतो ना, डोकं दुखलं तर घे म्हणून, ते चालत नाही. शाळेत औषध घ्यायचं तर डॉक्टरांचं आणि आपलं लेखी लागतं, इनहेलर असो की साधी गोळी. फोनचं पानही नवीन आहे, १ जुलै २०२६ पर्यंत प्रत्येक डिस्ट्रिक्टला धोरण करायचंच होतं, पण इमर्जन्सी, टीचरची परवानगी, डॉक्टरांनी गरज सांगितली असेल तर, किंवा आयईपीत असेल तर सूट आहे. ज्यांच्या मुलांचं शुगर मॉनिटर फोनवर चालतं त्यांनी डॉक्टरांचं पत्र आत्ताच घ्या. आणि नाव-पत्ता-फोन मिलिटरी रिक्रूटर्सना देऊ नका असं लेखी कळवता येतं, ते पानही मी पहिल्यांदा पाहिलं.

ओळखपत्राच्या मागे बघा, सातवी ते बारावीच्या सगळ्या मुलांच्या कार्डावर संकटकाळातल्या मदतीचा नंबर छापलेला असतो. ९८८ वर दिवसरात्र कधीही फोन किंवा टेक्स्ट करता येतो. लेकीला विचारलं तर तिला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

मावशी, नाशिकच्या ताई, काका, तुमच्या मेल्स वाचून एक ठरवलंय, मंडळाच्या कमिटीशी बोलणं झालं. येत्या रविवारी, १६ तारखेला, मराठी शाळेचे वर्ग साडेबाराला सुटल्यावर मागच्या खोलीत बसू. प्रत्येकाने आपापल्या डिस्ट्रिक्टचं पॅकेट फोनवर किंवा छापून आणा, कारण तारखा आणि फॉर्म सगळीकडे वेगळे आहेत, माझ्यावरून तुमचं ठरवू नका. एकेक पान मराठीत वाचू. काका गैरहजेरीचं सांगतील, मावशी इंटरप्रिटरच्या ईमेलचा नमुना आणतायत. मुलांची नावं, ग्रेड, कुणाच्या आजाराचं काही या लिस्टवर लिहू नका, ते तिथे बाजूला बोलू.

ताई, तुम्हाला घ्यायला मी येते, मला वेगळी मेल करा. मुलाला आणलंत तरी चालेल, मोठी मुलं बाहेर कोर्टवर खेळत असतात, माझी लेक असेल तिथे. डिसेंबरची तिकिटं कुणी अजून काढली नसतील तर रविवारपर्यंत थांबा, आधी आपापल्या शाळेच्या फायनल्सच्या तारखा बघून घेऊ.