पायथॉन: व्हिडिओ कळतात, स्वतः लिहायला बसलं की हात थांबतो. सल्ला हवा

हिशेबनीस_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. मी पतसंस्थेत हिशेब बघते. महिनाअखेरीला ठेवी आणि व्याजाच्या फायली जुळवताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. व्हिडिओ बघताना सगळं समजतं. तो बंद केला की पहिली ओळ सुचत नाही. जे लिहिलं त्याची तऱ्हा अशी: दोन रकमा विचारून बेरीज करायची होती. ५०० आणि २५० दिले, उत्तर आलं ५००२५०! कोर्स बदलू, पुस्तक घेऊ, की भाषाच बदलू? क्लासची फी परवडणार नाही. मराठीत काही असेल तर उत्तमच.

रात्रपाळी
भाषा बदलू नका. पायथॉनच्या हिशेबाने ते उत्तर बरोबरच आहे. इनपुटने घेतलेलं काहीही मजकूर म्हणूनच येतं आणि मजकुरात अधिक चिन्ह म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. दोन्ही रकमा आधी इंटमधून (मजकुराचा पूर्णांक आकडा करणारी आज्ञा) काढा, ७५० येईल.

तुमच्या कामात हे वारंवार भेटणार. सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) वाचणाऱ्या पायथॉनच्या मॉड्यूलने फाइल वाचली की तिथले आकडेही मजकूरच असतात. त्यात आपली स्वल्पविरामाची सवय! १,२५,००० असं इंटला दिलं की व्हॅल्यूएरर, म्हणजे किंमत चालत नाही अशी चूक. रिप्लेस वापरून आधी स्वल्पविराम काढायचे.

राहिलं न सुचण्याचं. व्हिडिओ प्रत्येक ओळीआधी थांबवा, उत्तर काय येईल ते वहीत लिहा, मग चालवा. अंदाज चुकला की तेवढ्याच ओळीशी खेळत बसा. नुसतं बघून टंकण्यात बोटं चालतात, डोकं नाही. आणि एरर आली की खालून वर वाचा, मुद्दा शेवटच्या ओळीत असतो.

जुना_सीवाला
आधी सी ही भाषा शिका. मेमरी, पॉइंटर (मेमरीतले पत्ते) कळल्याशिवाय सगळं वरवरचं. आम्हाला विहिरीत ढकलूनच पोहायला शिकवलं.

रात्रपाळी
काका, ताईंना फायली जुळवायच्यात, ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची नाहीये.

पैसा_पैसा
वरच्या सल्ल्याला +१, पण पैशांचं काम आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. व्याज काढताना फ्लोटच्या, म्हणजे पायथॉनच्या साध्या दशांश आकड्यांच्या, भरवशावर राहू नका. ०.१ + ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ दिसेल. पायथॉन बिघडलेला नाही. संगणक दोनच्या पायावर आकडे ठेवतो आणि त्यात ०.१ नेमका बसत नाही. डेसिमल मॉड्यूल (नेमक्या दशांश हिशेबासाठी पायथॉनसोबतच येतं) वापरा आणि त्याला रक्कम अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर फ्लोटची चूक तशीच आत जाते. किंवा रुपये सोडा, सगळं पैशांत पूर्णांक ठेवा. जुळवणीत एका पैशाचा फरक किती छळतो हे तुम्हाला मी काय सांगणार.

शेंगदाणा_चटणी
साधनांचं सांगते. थॉनी नावाचा एडिटर घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनवलाय, फुकट आहे. डीबग (चूक शोधायची सोय) चालू केलं की कंसातलं आधी काय सुटलं, त्याची किंमत काय आली, हे पायरीपायरीने दाखवतो. मराठी हवं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे पाठ बघा. पुस्तकावर तूर्त खर्च नको.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. चलांची नावं मराठीत चालतात. व्याज = मुद्दल * दर असं खुशाल लिहा. इंग्रजी नावं सुचण्यातच निम्मा वेळ जात असेल तर फरक पडतो. इनपुटला देवनागरीत ५०० दिलं तरी इंट ते ओळखतो, छापताना मात्र इंग्रजी आकडे दाखवतो. प्रोग्राममध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर सिंटॅक्सएरर (लिहिण्याच्या नियमाची चूक), तिथे इंग्रजीच हवेत. नोकरीच्या ठिकाणी कोड दुसऱ्यांनाही वाचायचा असेल तेव्हा नावं बदला.

हिशेबनीस_कोल्हापूर
सगळ्यांचे आभार! मुद्दल आणि दर लिहिल्यावर एकदम आपलं वाटलं. ७५० आले. वहीची युक्तीही चालली, माझे निम्मे अंदाज चुकतात पण का ते कळतं. आता नवं दुखणं. वर्डमध्ये ठेवलेल्या नोंदींतून एक ओळ थॉनीत चिकटवली तर 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणतो. ओळ तर तीच आहे.

रात्रपाळी
वर्ड सरळ अवतरणचिन्हं बदलून वळणदार करतो. पायथॉनला सरळच लागतात. थॉनीत ती हाताने पुन्हा टंका आणि नोंदी साध्या नोटपॅडमध्ये ठेवा.

हिशेबनीस_कोल्हापूर
झालं! आता दोन फायलींतले खाते क्रमांक जुळवायचेत. एकीत आहेत पण दुसरीत नाहीत असे शोधायला कुठून सुरुवात करू?

पैसा_पैसा
सेट वाचा, म्हणजे प्रत्येक किंमत एकदाच ठेवणारा गट. दोन फायलींचे क्रमांक दोन सेटमध्ये टाकून वजाबाकी केली की उरलेले मिळतात. एका फायलीत ००१२३ आणि दुसरीत १२३ असेल तर मात्र जुळणार नाहीत, ते आधी तपासा. अडलं तर दोन्हींच्या चार-चार ओळी इथे टाका, खातेदारांची नावं आणि खरे क्रमांक बदलून.