देवमाशांचे कान आणि नेव्हीचे पैसे

खारावारा: काल वाचलेल्या एका पोस्टने डोकं फिरलंय. 'देवमाशांच्या कानांच्या अभ्यासक डार्लीन केटन यांनी जन्मभर देवमाशांची मुंडकी सीटी स्कॅनरमध्ये घातली. या संशोधनात पैसा अमेरिकन नेव्हीचा, मग नेव्हीच्या सोनारविरुद्ध (पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधणारं यंत्र) बोलणार कोण?' अहो, मार्च 2000, बहामा. दीड दिवसात 17 जनावरं किनाऱ्याला लागली, बहुतेक चोचवाले देवमासे. त्यांची डोकी स्कॅन केली केटनबाईंनीच. कानांभोवती रक्तस्राव! 2001च्या अहवालात नेव्हीला स्वतःच्याच सोनारकडे बोट दाखवावं लागलं.

तिरकस_तात्या: पोस्ट माझीच, नाव घ्यायला लाजलात? बहामातली मुंडकी फ्रीझरमध्ये जपली देवमाशांचा अभ्यासक केन बॅलकमने. नेव्ही सोडलेला माणूस, म्हणून बोंब मारू शकला. बाई आपल्या तोलूनमापून.

खारावारा: मग काय टीव्ही चॅनेलवर ओरडायचं? डॉल्फिनच्या कानाचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं. आवाज खालच्या जबड्यातल्या चरबीतून आत जातो, हे शास्त्रज्ञ केनेथ नॉरिसने 1960च्या दशकात मांडलं. ती चरबी कानाला कुठे भिडते हे डोकं न फोडता स्कॅनमध्येच दिसतं. त्यात मेल्यावर कान काही तासांत सडायला लागतो.

इंजिनरूम_निवृत्त: मध्येच बोलतो. 26 वर्षं जहाजावर, डावा कान गेला. कंपनीने दिलेल्या इअरमफची एक वाटी तडकलेली. चीफ म्हणायचा, कान झाकलेस तर इंजिन काय सांगतंय ते कळणार कसं? मेडिकलला ऑडिओमेट्रीत (बीप ऐकू आली की बटण दाबायचं, ती कानाची तपासणी) मी अंदाजाने बटण दाबायचो, अनफिट ठरलो तर घरी बसवतील म्हणून. देवमाशाचा निदान कोणी स्कॅन तरी काढतंय!

रत्नांग्रीकरीण: काका, खोटं बटण? माझा दादा सेकंड इंजिनियर आहे. तुमच्यासारख्यांमुळेच कंपन्या म्हणतात, सगळे फिट!

इंजिनरूम_निवृत्त: ताई, घराचे हप्ते तुम्ही भरणार होतात?

रत्नांग्रीकरीण: हप्ते सगळ्यांनाच असतात. कान दोनच.

तिरकस_तात्या: भांडा सावकाश. पण काकांनी माझाच मुद्दा मांडला. पगार देणारा समोर बसला की न ऐकू येणारंही ऐकू येतं.

खारावारा: देवमाशाला कुठे हप्ते आहेत? 2023मध्ये नॉर्वेत दोन मिंके जातीच्या देवमाशांच्या कातडीवर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे सिग्नल मोजले. ऐकण्याची वरची मर्यादा 45 ते 90 किलोहर्ट्झच्या मध्ये निघाली, माणूस 20ला संपतो. तिथे बटणच नाही.

तिरकस_तात्या: बरं, बहामाचा एक गुण तुमच्या बाईंना. अर्धा बॅलकमचा कापून. काका, उजवा कान तपासा, आता खरं बटण दाबा.

इंजिनरूम_निवृत्त: गेल्या महिन्यात तपासला. मशीनवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, मी अजून बीप दिलीच नाहीये."