हत्ती ‘पाळीव’ की ‘माणसाळलेला’?

पेठेतला
शब्दाचा एक प्रश्न आहे, भांडण लावायचा हेतू नाही (लागेलच म्हणा). कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठाची महादेवी, म्हणजे माधुरी हत्तीण, २८ जुलै २०२५ ला गुजरातेत जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात नेली तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर एक वाद मिटता मिटंना. एक गडी म्हणतो हत्ती पाळीवच, १९९२ पासनं मठात होती की. दुसरा म्हणतो पाळीव म्हणजे गाय, म्हैस, कुत्रं. हत्ती फार तर माणसाळलेला. तिसरा म्हणतो दोन्ही एकच, चहा सांगा. फरक आहे का खरंच?

जुनी वही
आहे, आणि बराच आहे. माणसाळणं एकट्या जनावराचं असतं, त्याच्या एका जन्मात होतं आणि त्याच्याबरोबर संपतं. पाळीव होते ती अख्खी जात, माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून वीण घेतली की. रेडकू गोठ्यातच जन्मतं, त्याला कोण माणसाळवत बसत नाही. हत्तीचं तसं नाही. हत्तीण जवळजवळ बावीस महिने गाभण राहते, पिल्लू कामाला यायला पुढं कितीतरी वर्षं, एवढा वेळ आणि चारा कोण घालवणार, त्यापेक्षा खड्डे खणून नाहीतर हाकारे घालून रानातनंच धरून आणायचे, असंच राजेरजवाडे करत आले. म्हणून हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही हत्ती ही जात म्हणून पाळीव झालीच नाही.

माळावरचा
चित्ता घ्या की, त्याहून चांगलं उदाहरण. आपल्या संस्थानात शिकारीचे चित्ते होते. डोळ्यावर पट्टी बांधून गाडीतनं माळावर न्यायचे आणि काळविटं दिसली की पट्टी काढून सोडायचं. सांभाळणारे ते चित्तेवान. माणसाच्या जवळ निवांत बसायची जनावरं, म्हणजे माणसाळलेली शंभर टक्के. पण अकबराच्या पदरी शेकड्यांनी चित्ते असून पिंजऱ्यात पिल्लं झाल्याची एकच नोंद जहांगीरनं केलीय, तीही नवल म्हणून. म्हणजे दरबारात दिसणारा जवळपास प्रत्येक चित्ता रानातनं कमी झालेला. पुढं इथं धरायलाच उरले नाहीत तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरनं आफ्रिकेतनं मागवले, आणि १९५२ ला भारतातनं चित्ता संपल्याचं जाहीर झालं. नुसत्या पकडापकडीनं संपला असं नाही, बंदुका होत्या, माळरानं नांगराखाली गेली. पण ‘पाळीव चित्ता’ असं सरसकट छापतात ना, त्यात ही रानातली घट दिसतच नाही, वाचणाऱ्याला वाटतं राजवाड्यातच पैदास होत असंल.

शिरोळकर
सगळं खरं असंल, पर नांदणीच्या माणसाला शब्दकोश सांगू नका. आमच्यात हत्तीण ‘पाळली’ असं कोण म्हणतच न्हाई. ‘सांभाळली’ म्हणत्यात, म्हाताऱ्या आईला सांभाळत्यात तसं. ऑगस्टात नांदणीपासनं कोल्हापूरपातूर लोकं चालत आली ती काय उगंच?

जुनी वही
शिरोळकर, तुमची माया कोण खोटी म्हणत नाही. पण ‘सांभाळली’ हा शब्द सांभाळणाऱ्याची बाजू सांगतो. कोर्टापुढं प्रश्न होता हत्तिणीच्या पायांचा, साखळीचा, एकटेपणाचा. मुंबई हायकोर्टाचा आदेश त्यावर आला, सुप्रीम कोर्टात तो टिकला. रोज मैलोन् मैल चालणाऱ्या, कळपात राहणाऱ्या जनावराला फरशीवर एकटं उभं केलं तर पायाची दुखणी लागणारच, मग ती मठात असू दे, देवळात नाहीतर सर्कशीत. जोतिबाच्या देवळाचा सुंदर हत्ती आठवतोय का, तोही असाच गाजून २०१४ ला बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा प्राणी उद्यानात गेला.

आणि एक, ज्यांनी ‘माधुरी मुक्त झाली’ असं लिहिलं त्यांचंही चुकलंच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या हिशेबानं ती मठातही बंदिस्त होती आणि जामनगरलाही बंदिस्तच. जागा मोठी, डॉक्टर हाताशी, सोबतीला हत्ती, हे सगळं चांगलंच की, पण जंगलात कोण सोडलेली नाही. तिथं ‘पुनर्वसन’ म्हणा, ‘मुक्ती’ नको.

शिरोळकर
ह्ये मात्र पटलं. दोन्हीकडचं खोटं काढलं.

गंगावेस
जरा बाजूचा शब्द. पेपरात ‘सत्तेची साठमारी’ येतंय रोज. मुंबई-पुण्याची निम्मी माणसं त्याचा अर्थ नुसती रस्सीखेच समजतात. आमच्या कोल्हापुरात साठमारी ही जागा आहे राव, शाहू महाराजांच्या काळची. मस्तवाल हत्ती आत सोडायचा, माणसांनी त्याला डिवचायचं, तो अंगावर आला की भिंतीतल्या अरुंद वाटेनं पळायचं. मर्दानी खेळ, त्या काळाची हौस, मान्य. पण हत्तीला कुणी विचारलं नव्हतं. शब्द आता पुढाऱ्यांच्या अंगाला चिकटलाय आणि हत्ती त्यातनं बाहेर पडला, हे एका अर्थी बरंच झालं.

माळावरचा
‘बिबट्या जेरबंद’ पण त्यातलाच. जेरबंद हा मुळात घोड्याचा पट्टा, पोटाखालच्या तंगापासनं पुढच्या पायांमधनं वर जाणारा, घोड्यानं मान उडवू नये म्हणून. आता उसात सापळा लावला की बिबट्या जेरबंद. तो पुढं कुठं गेला, सोडला की कायमचा पिंजऱ्यात, ते बातमीत शोधून दाखवा!

पेठेतला
बरं, मग घरातला मिठू? गल्लीत दर चौथ्या घरात पिंजरा होता लहानपणी.

जुनी वही
पाळीव नाही. ढोलीतनं पिल्लू काढून विकलेलं असतं, म्हणजे हत्तीचीच गोष्ट छोट्या मापात. आपल्याकडचे पोपट ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आमच्या आजीला सांगून बघितलं असतं तर तिनं मलाच पिंजऱ्यात घातलं असतं ते सोडा.

पेठेतला
आणि लव्हबर्ड? ते पिंजऱ्यातच जन्मतात.

जुनी वही
पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच वीण होतेय, रंगसुद्धा माणसानं निवडून काढलेत, तर पाळीवच्या वाटेवर आहेत म्हणायला हरकत नाही. पिंजरा केवढा आहे तो प्रश्न वेगळा, त्याला नवा धागा काढा.