पाच हजार डॉलरचा पंखा: हौशी होडीवाल्याने घ्यावा का?

सेंटक्लेअरकर

डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअरवर माझी २० फुटी होडी गेली सहा वर्षे आहे. मागे १५० अश्वशक्तीचे यामाहाचे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) आहे आणि त्यावर होडी विकत घेतली तेव्हापासूनचाच, १९ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर स्क्रूसारखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर), तीन पात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा प्रोपेलर आहे. आमच्या मरिनावर (होड्या बांधून ठेवण्याच्या धक्क्यावर) सध्या शॅरो कंपनीच्या प्रोपेलरची, म्हणजे होडीच्या पंख्याची, चर्चा जोरात आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की, नेहमीच्या प्रोपेलरच्या पात्यांची टोके मोकळी असतात, तर यात प्रत्येक पाते कडबोळ्यासारखे वळून पुन्हा मधल्या बुंध्याला येऊन मिळते. मोकळ्या टोकाशी जास्त दाबाच्या बाजूचे पाणी कमी दाबाच्या बाजूकडे निसटते, तेथे भोवरा तयार होतो आणि इंजिनाची काही शक्ती तो भोवरा फिरवण्यातच खर्ची पडते. टोकच ठेवले नाही तर हा अपव्यय कमी होतो, असा त्यामागचा विचार आहे. मधल्या वेगांवर इंधनाची बचत ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असा दावा केला जातो.

विचार पटण्याजोगा आहे, किंमत मात्र पटत नाही. चांगला स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलर मला ७०० डॉलरमध्ये मिळतो, याला जवळजवळ ५००० मोजावे लागतात. माझे इंजिन वर्षाला सुमारे ६० तास चालते, कारण आमच्याकडे मे ते ऑक्टोबर एवढाच हंगाम असतो. तासाला ८ गॅलन धरले तर ४८० गॅलन होतात. दाव्याच्या निम्मी, म्हणजे १५ टक्के बचत खरोखर झाली असे मानले तरी ७२ गॅलन वाचतील आणि साडेचार डॉलरच्या भावाने त्यांचे ३२४ डॉलर होतील. किमतीतला ४३०० डॉलरचा फरक भरून निघायला १३ वर्षे लागतील. तोवर ही होडी माझ्याकडे असेल की नाही, याचीच मला खात्री नाही. म्हणून माझे मत असे की, हौशी माणसासाठी हा खर्च व्यर्थ आहे. कोणाला वेगळे वाटत असल्यास त्यांनी हिशेबासह लिहावे.

चेसापीकवासी

हिशेब बरोबर आहे, पण तो चुकीच्या गोष्टीचा आहे. मी मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागरावर २४ फुटी होडी चालवतो आणि गेली दोन वर्षे माझ्याकडे हाच कडबोळे-पंखा (शब्द आवडला, यापुढे तोच वापरीन) बसवलेला आहे. इंधनाचे पैसे परत मिळावेत म्हणून मी तो घेतलाच नव्हता.

चेसापीक उथळ आहे, त्यामुळे दुपारचा वारा सुटला की तेथे आखूड आणि उभ्या लाटा उठतात. अशा पाण्यात होडी जोरात हाकली तर पाठीचे मणके हलतात आणि हळू हाकली तर ती पाण्यावरून खाली बसते, नाक वर करून पाणी ढकलू लागते. जुन्या स्टीलच्या प्रोपेलरवर माझी होडी ताशी १७ मैलांच्या खाली आली की बसत असे. आता ती १३ मैलांपर्यंत पाण्यावर तरंगत राहते. हा चार मैलांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसेल, परंतु खवळलेल्या पाण्यातून दोन तास घरी परतताना नेमका तोच वेग हवा असतो. माझी ७४ वर्षांची आई पूर्वी होडीत पाऊल ठेवायला तयार नव्हती. गेल्या उन्हाळ्यात ती चार वेळा आली.

दुसरी गोष्ट थरथरीची. पूर्वी इंजिनाच्या मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर थर्मासचे झाकण कपाच्या खाचेत सतत किणकिणत असे, इतके की मी त्याखाली रुमाल ठेवायचो. तो रुमाल आता लागत नाही. आपण हौसेसाठी होडी घेतली, हौसेसाठी तिला विमा, जागा, हिवाळी आच्छादन दिले आणि प्रोपेलरपाशी आल्यावर मात्र आपण किराणा दुकानदार झालो, हे मला अनाकलनीय वाटते. कमाल वेगात मला काहीही फायदा झालेला नाही, झालीच असेल तर एखाद्या मैलाची घटच झाली असेल, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

मांडवेकर

माझी १८ फुटी होडी ९० अश्वशक्तीच्या ओबीएमसह (आउटबोर्ड मोटरसह) मांडव्याला असते, त्यामुळे माझा अनुभव वरील दोघांपेक्षा फार वेगळ्या पाण्याचा आहे. आमच्याकडे प्रोपेलरला सगळेच पंखा म्हणतात आणि पंखा ही जपून ठेवण्याची वस्तू नसून वापरून टाकण्याची वस्तू आहे, असे मानतात. मुंबई बंदराच्या पाण्यात तरंगणारे प्लास्टिक, तुटलेल्या जाळ्यांचे नायलॉनचे दोर आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक यांतून वाट काढताना, कितीही सांभाळले तरी हंगामात एकदा तरी पात्याला टवका जातोच.

मागच्या जानेवारीत पंख्यात दोर गेला. इंजिन बंद करून, वर उचलून, गुडघाभर पाण्यात उभे राहून पाहिले, तर निळ्या दोराचे वेटोळे पात्यांना पडले होतेच, पण त्याच्या आत, पंख्याच्या मागे दांड्याभोवती, मासे पकडण्याच्या गळाची बारीक तंगूसही रुतून बसली होती. ही तंगूस ऑइल सील कापते आणि पाणी गिअरच्या तेलात शिरते. तेल दुधाळ झालेले दिसले की कार्यशाळेत काय बिल होणार, हे वेगळे सांगायला नको. पिन सरळ करायला पक्कड, नट सोडवायला पाना, एक जादा कॉटर पिन आणि एक जादा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा एवढे सामान माझ्या होडीत कायम असते. त्यामुळे मी अर्ध्या तासात पुन्हा चालू लागलो. पाच हजार डॉलर, म्हणजे चार लाख रुपयांच्या वरचा पंखा (आयात शुल्क वेगळेच) लावून मी त्या पाण्यात शिरलो असतो, तर खडकापेक्षा मला माझ्या पंख्याचीच भीती अधिक वाटली असती. शिवाय तो वाकला तर सरळ कोण करणार? अलिबागचा आमचा वेल्डर अ‍ॅल्युमिनियमचे पाते भरून, घासून देतो. हे कडबोळे पाहून तो हात जोडेल.

आणखी एक मुद्दा असा की, अ‍ॅल्युमिनियमचे पाते आपटल्यावर स्वतः वाकते, तर कठीण धातूचे पाते तो धक्का पुढे गिअरपर्यंत पोचवते. स्वस्त पंखा मोडणे हेच त्याचे काम आहे.

चेसापीकवासी

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. आपटीचा धक्का शोषण्यासाठीच प्रोपेलरच्या बुंध्यात रबराचा किंवा प्लास्टिकचा हब असतो आणि वेळ आली की तो घसरतो किंवा तुटतो. स्टील लावले की गिअर गेलाच, हा समज जुना आहे. मुंबईच्या पाण्यासाठी आपला निर्णय योग्य आहे, हे मात्र मान्य.

मांडवेकर

हब असतो हे ठाऊक आहे. खडकावर पूर्ण वेगाने आपटल्यावर तो दर वेळी वेळेवर घसरतो, असे मानायला मी तयार नाही. दोन गिअरबॉक्स उघडलेले पाहिले आहेत, दोन्हींवर स्टीलचे पंखे होते.

निवृत्त चीफ

मी ३१ वर्षे व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात काढली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्रोपेलरमधून ऊर्जा वाया जाते ही गोष्ट खरी आहे. चांगल्या प्रोपेलरची कार्यक्षमताही साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे सुधारणेला जागा आहे. मोठ्या जहाजांवर प्रोपेलरच्या टोपीवर छोट्या पट्ट्या बसवण्याची एक जपानी युक्ती १९८७ पासून बाजारात आहे. तिने बुंध्यामागचा भोवरा मोडतो आणि ३ ते ५ टक्के इंधन वाचते, असे सांगितले जाते. दिवसाला ४० टन इंधन पिणारे जहाज वर्षातून २५० दिवस चालले, तर ४ टक्के म्हणजे ४०० टन होतात. तेथे मालकाला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. सेंटक्लेअरकरांचे १५ टक्के म्हणजे ७२ गॅलन. टक्का मोठा असूनही रक्कम लहान राहते, कारण यंत्र चालतच नाही. हेच इंजिन भाड्याच्या होडीवर वर्षाला ३०० तास चालले असते, तर त्यांच्याच भावाने वर्षाला १६२० डॉलर वाचले असते आणि तिसऱ्या हंगामात खर्च निघाला असता.

परंतु मला खटकलेली गोष्ट निराळीच आहे. सेंटक्लेअरकर साहेब, आपण महागड्या पंख्याची तुलना ज्याच्याशी करत आहात तो आपला जुना पंखा आपल्या होडीला योग्य आहे का, हे आपण कोठेच लिहिलेले नाही. बाजारातले नवे प्रोपेलर बहुधा अशाच, मुळात चुकीच्या, प्रोपेलरला हरवून कौतुक मिळवतात. त्यामुळे आधी एक मोजणी करा. शांत पाण्यात, नेहमीएवढी माणसे व इंधन घेऊन, पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाच्या फेऱ्या आणि जीपीएसवरचा वेग टिपा. फेऱ्या गुणिले पिच, भागिले गिअरचे गुणोत्तर (प्रोपेलरच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या), भागिले १०५६ असे केले की ताशी मैलांत सैद्धांतिक वेग मिळतो. खरा वेग त्याहून जितके टक्के कमी, तितकी आपली स्लिप. आपल्या इंजिनाला कंपनीने ५००० ते ६००० फेऱ्यांची मर्यादा दिली असेल. फेऱ्या तळाशी रेंगाळत असतील, तर पिच जास्त आहे आणि इंजिन दमते आहे. एक इंच पिच कमी केल्यास साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात.

जाता जाता एक गंमत. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचा लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा होता. पुढच्या वर्षी कालव्यात चाचणी चालू असताना तो आपटून अर्धा तुटला आणि होडी आधीपेक्षा वेगाने पळू लागली. त्यामुळे मांडवेकरांच्या टवके गेलेल्या पंख्याला मी हसणार नाही.

साऊथॅम्प्टनचा शिडवाला

आम्हा शिडाच्या होडीवाल्यांचा प्रश्न उलटा आहे. इंजिन बंद असतानाही स्थिर तीन पात्यांचा प्रोपेलर पाण्यात ओढला जातो आणि अर्धा नॉट वेग (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सहज खातो. म्हणून मी मिटणारा प्रोपेलर घेतला, जो साध्यापेक्षा कितीतरी पटींनी महाग आहे आणि इंधनात त्याने माझा एक पेनीही वाचवलेला नाही. हलक्या वाऱ्यात, साऊथॅम्प्टनजवळच्या सॉलेंट सामुद्रधुनीच्या उलट्या भरतीसमोर, तो अर्धा नॉट म्हणजे पुढे जाणे आणि जागीच उभे राहणे यांतला फरक असतो. खर्चाबद्दल मला कधीच वाईट वाटले नाही.

बॅटरीबहाद्दर

विजेवर चालणाऱ्या होड्यांचा विचार कोणी केला नाही, याचे नवल वाटते. किलोभर पेट्रोलमध्ये जवळजवळ १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते, तर किलोभर लिथियम बॅटरीत पाव किलोवॉट-तासही नसते. पेट्रोल मोटरमध्ये त्यातले बरेच उष्णता म्हणून जाते हे धरले, तरी दरी प्रचंड राहते. तेथे प्रोपेलरने १० टक्के वाचवले तर १० टक्के बॅटरी कमी विकत घ्यावी लागते आणि कमी वाहून न्यावी लागते. माझ्या मते असे महाग पंखे शोभतात ते अशा होडीवर.

सेंटक्लेअरकर

चीफसाहेबांच्या सांगण्यावरून शनिवारी सकाळी मोजणी केली. पाणी आरशासारखे होते, होडीत मी, पत्नी आणि मुलगा. पूर्ण थ्रॉटलवर ५१०० फेऱ्या, जीपीएसवर ३९ मैल. गिअरचे गुणोत्तर २ धरून १९ इंचाच्या पिचला सैद्धांतिक वेग जवळजवळ ४६ येतो, म्हणजे स्लिप १५ टक्क्यांच्या घरात. चार माणसे आणि बर्फाची पेटी असली की फेऱ्या ५००० च्याही खाली जात असणार. सहा वर्षे मी इंजिन दमवत होतो आणि दोष पेट्रोलच्या भावाला देत होतो.

शेजारच्या धक्क्यावरील गृहस्थांकडून १७ इंची स्टीलचा प्रोपेलर तासभर मागून घेतला. फेऱ्या ५५००, वेग साडेएकोणचाळीस, स्लिप ११ टक्क्यांच्या आत. होडी पाण्यावर चढायला लागणारा वेळ मुलाने फोनवर मोजला, तो जवळजवळ दीड सेकंदाने कमी भरला. तसाच प्रोपेलर मी मागवला आहे.

चेसापीकवासी

अभिनंदन, पण यातून माझा पंखा हरला असे सिद्ध होत नाही. आपण खराब पिच सुधारली, एवढेच झाले. आता योग्य पिचच्या स्टीलसमोर योग्य मापाचे कडबोळे लावून, तेही ३००० ते ४००० फेऱ्यांच्या पट्ट्यात आणि लाटा असलेल्या दिवशी, पुन्हा मोजा. आरशासारख्या पाण्यात पूर्ण थ्रॉटलची चाचणी माझ्या बाजूचा एकही मुद्दा तपासत नाही.

सेंटक्लेअरकर

आक्षेप रास्त आहे. आमच्या मरिनावर एकाकडे तो आहे, पण त्याचे माप २५० अश्वशक्तीच्या इंजिनाचे असल्याने मला बसणार नाही. त्याने स्वतःच्या होडीवर दोन्ही लावून दाखवायचे कबूल केले आहे. वारा १५ मैलांच्या पुढे असलेला दिवस निवडू. इंधनाच्या मीटरचे आकडे येथे टाकीन. थर्मास मी घेऊन जातो.