मिनरल सनस्क्रीन लावूनही रापतेय. चेहरा पांढरा दिसतो, वळ्या निघतात, काय चुकतंय?

स्कूटरवाली_ऐरोली
ऐरोली ते महापे रोज स्कूटर. सकाळी ९ला निघणं, संध्याकाळी ६ला परत. मधे १२ ते २ एमआयडीसीत दोन-तीन ठिकाणी जावं लागतं. रंग सावळा, गालांवर थोडे वांग. साध्या सनस्क्रीनने डोळे चुरचुरतात म्हणून झिंक ऑक्साइडवालं मिनरल आणलं, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ५०, ५० ग्रॅमची ट्यूब. चेहरा राख फासल्यासारखा दिसतो, स्कार्फ बांधला की क्रीमच्या वळ्या निघतात आणि एवढं करून नाक-कपाळ रापलंच. दीड महिना झाला, ट्यूब अजून अर्धी आहे. क्रीम बोगस आहे का?

फार्मा_तुर्भे
"ट्यूब अजून अर्धी आहे" यातच उत्तर आहे. ४५ दिवसांत २५ ग्रॅम म्हणजे दिवसाला जेमतेम अर्धा ग्रॅम. डब्यावरचा एसपीएफ काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. त्या हिशेबाने चेहरा, कान आणि मान मिळून एका वेळेला दोन ते अडीच ग्रॅम लागतं. चहाच्या चमच्याने मोजा: चेहऱ्याला पाव चमचा, मान-कानांना आणखी पाव. चमचा नको असेल तर तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ. दिवसातून एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब २० दिवसांत संपायला हवी. पाव मात्रा लावली की ५० एसपीएफचं पन्नासपण उरत नाही.

आता म्हणाल, एवढं लावलं तर आणखीच पांढरं दिसेल. एका दमात सगळं थापलं तर दिसेलच. आधी ट्यूब चांगली हलवा, झिंकचे कण खाली बसतात. मग अर्धी मात्रा ठिपक्या-ठिपक्यांनी कपाळ, नाक, गाल, हनुवटीवर लावून बोटांनी पसरा. चोळत बसू नका, कण घड्यांमध्ये आणि भुवयांच्या मुळाशी जमतात आणि मधली त्वचा उघडी राहते. पाच मिनिटांनी उरलेली अर्धी त्यावर थापटत लावा. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, केसांची कड, मानेची मागची बाजू हमखास सुटते.

वळ्यांचं कारण बहुतेक खालचा थर. जाड किंवा सिलिकॉनवालं मॉइश्चरायझर ओलं असताना वर झिंक चढवलं की दोन्ही एकत्र गुंडाळून येतात. उन्हाळ्यात इथल्या दमट हवेत वेगळं मॉइश्चरायझर बहुतेकांना लागतच नाही. लागलंच तर हलकं जेल लावून दहा मिनिटं थांबा. सनस्क्रीन मॉइश्चरायझरमध्ये किंवा फाउंडेशनमध्ये कालवून लावायचं नाही, थर पातळ होतो आणि सलग बसत नाही.

वाशी_सेक्टर१७
मिनरल लगेच काम करतं ना? मग थांबायचं कशाला?

फार्मा_तुर्भे
केमिकलवाल्यासारखी, म्हणजे साध्या सनस्क्रीनसारखी, २० मिनिटं वाट पाहायची नाही, हे ठीक. पण थर सुकून बसायला १०-१५ मिनिटं द्यावीच लागतात. ओल्या थरावर स्कार्फ आवळला तर निम्मं क्रीम स्कार्फलाच लागतं. स्कार्फ नाकावरून खेचून गाठ मारू नका, आधी चेहऱ्यावर टेकवा आणि मागे बांधा. आणि "मिनरल म्हणजे आरसा" ही समजूतही जुनी. झिंक आणि टायटॅनियम थोडेच किरण परतवतात, बरेचसे शोषूनच घेतात.

सावली_खारघर
वेळेबद्दल. आपण ७३ रेखांशावर, घड्याळ मात्र ८२.५ रेखांशाचं. त्यामुळे मे महिन्यात इथे माथ्यावरचं ऊन १२ला नाही, साधारण १२.३५ला असतं. मेच्या मध्यावर तर सूर्य अगदी डोक्यावरून जातो, उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. ताई, तुमचा १२ ते २चा फेरा नेमका त्याच खिंडीत आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसली की ऊन भाजणारं समजा. संध्याकाळी ६ला सावली लांबलचक असते, तेव्हासाठी पुन्हा लावायची गरज नाही. सकाळचं एक आणि ११.४५चं दुसरं, एवढं चुकवू नका. दोन तास सलग उन्हात असाल तर मात्र तिसरं.

दुसऱ्यांदा लावताना चूक होते ती अशी: घामावरच क्रीम चढवलं जातं. आधी टिश्यूने किंवा मऊ सुती रुमालाने घाम टिपा, पुसू नका. ठाणे-बेलापूर रोडची धूळ बसली असेल तर ओल्या रुमालाने एकदा टिपून कोरडं होऊ द्या. मग पहिल्याएवढंच, थापटत. पावडर सनस्क्रीनवर विसंबू नका, पुरेशी मात्रा बसायला चेहऱ्याचं पीठ होईल.

त्वचा_ठाणे_पश्चिम
वांग आहेत म्हणून एक भर. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात आणि साधं झिंक तो फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड घ्या. त्याने राखाडी झाकही जाते, सावळ्या रंगावर तर फरक लगेच कळतो. दुकानात मनगटावर नको, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघा.

लेबल उलटं करून वाचा. पुढे "मिनरल" आणि मागे एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट (केमिकल सनस्क्रीनमधला घटक) असेल तर ते मिश्रण आहे. वाईट नाही, पण तुमचे डोळे चुरचुरतील. फक्त टायटॅनियम असलेलंही टाळा, लांब लहरींच्या यूव्हीएला (रापवणाऱ्या अतिनील किरणांना) झिंक जास्त चांगलं आवरतं. डब्यावर पीए++++ (यूव्हीएपासून संरक्षणाची खूण) बघा. ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (भाजणारे अतिनील किरण) अडवतं, ५० सुमारे ९८, म्हणून आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आणि कॅलामाइन गुलाबी दिसतं, त्यात झिंक असतं, म्हणून ते सनस्क्रीन होत नाही. खोबरेल तेलात झिंकची पूड कालवणं तर नकोच. गुठळ्या होतात आणि मधून सरळ ऊन जातं.

स्कूटरवाली_ऐरोली
मोजून पाहिलं, खरंच पाव चमच्याच्याही खाली होतं. हातांना किती? आणि रात्री धुतलं तरी पांढरटपणा उरतो.

फार्मा_तुर्भे
कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हातांना मिळून साडेतीन ग्रॅम. चेहऱ्यावरचा खर्च कमीच वाटेल. म्हणून हातांना क्रीम नको, सनकोट घाला. घट्ट विणीचा, गडद रंगाचा. पांढरा पातळ सुती घामाने भिजला की त्यातून ऊन आरपार जातं. क्रीम फक्त बोटांच्या पाठीला, नाहीतर हातमोजे.

रात्री कोरड्या चेहऱ्यावर क्लेन्झिंग ऑइल एक मिनिट फिरवा, मग पाणी, मग फेसवॉश. मुरमं येत नसतील तर खोबरेल तेलही चालतं. डाळीच्या पिठाने घासू नका.

ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवता का? उन्हात डिकी तापते आणि क्रीम फुटतं. आधी पाणी-तेल आणि मागून गोळा येत असेल, हलवूनही एकजीव होत नसेल, तर ती टाका.